निकेलच्या पट्टीची परीक्षा

श्रीजलदेवता साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी घडले ते लिहितो. या राज्यात पाणी उदंड आणि सरपण थोडे, म्हणोन राजश्रींची आज्ञा जाहली की, पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वायू काढावा आणि त्याजवर मुदपाकखाना चालवावा. मग वायू झपाट्याने सुटावयास उत्प्रेरक धातू पाहिजे, तो प्लॅटिनम, आणि तो परमुलखीच्या सौदागराचे मुठीत. सौदागर दर खेपेस मिशांस पीळ देऊनच बोले. तेव्हां कारखान्याचे दरोगे विसाजीपंत यांणी विडा उचलिला की, "स्वस्त निकेलची पट्टी तेच काम करील, न करील तर कारखान्यास कुलूप घालावे." आणि दरबारचा रिवाज ऐसा की, परीक्षेच्या पट्टीसमोर, पाण्यातील दुसऱ्या टोकास, मानाचा म्हणोन प्लॅटिनमच बसवावा. तैसा बसविला, आणि महिनाभर वीज सोडिली, आणि निकेल दिवसेंदिवस ऐसे फसफसले की पंतांनी पेढे वाटिले.

मग तोलणार साळूबाई तांबट पुसती जाहली, "पंत, समोरचा प्लॅटिनम तोलिला काय?"

"थोरांस तोलतात काय, बाई?"

"थोर रोडावले आहेत. दोन गुंजा उणे."

"मग गेले कोठे?"

"तुमच्या निकेलच्या अंगावर. पाहुण्याने पाण्यातून आपली शाल पाठविली, आणि तुम्ही यजमानाचे रूप वाखाणीत बसलां!"

पंतांचा पेढा हातीच राहिला. बोलावे तो कारखाना जातो, न बोलावे तो खोटे उभे राहते. मग दरबारी जाऊन सर्व निवेदन केले. सौदागर खदखदा हसला आणि कुलूपही आणविले गेले. राजश्री म्हणाले, "आतां समोर काय बसवाल?"

"ग्राफाइटची कांडी, महाराज. तिजपाशी वाटावयास शालच नाही."

मग निकेलची नवी पट्टी घालोन भाताचे पातेले चढविले. प्लॅटिनमवर भात घटकेत होई. येथे अडीच घटका लोटल्या. आचारी पुटपुटला, "तांदूळ शिजताहेत की रुसले आहेत?" राजश्री भुकेले बसून राहिले, आणि भात जाहला, आणि जेविले, आणि बोलिले, "उशिरा शिजला, परंतु कोणाची मिशी न पाहतां शिजला. कुलूप आणिलेच आहे, तर प्लॅटिनमचे पेटीस घाला."

तात्पर्य, तेव्हांपासून या राज्यात परीक्षेस समोर ग्राफाइट बसते, उभय टोके आधी तोलितात, आणि राजश्रींचे पान दीड घटका उशिरा मांडितात. लेखनसीमा.