दगडूकाकांची उगवण

आमचे शेजारी दगडूकाका कुठल्याही माणसाची उगवण टक्क्यांत सांगतात. पेरणीआधी ओल्या बारदानात सोयाबीनचे दाणे गुंडाळायचे आणि कितींना मोड येतात ते बघायचं, हे आमच्या ताडकळसला सगळेच करतात. काकांनी ही चाचणी पार सोयरिकीपर्यंत नेली. नवरदेवाचा चहा संपायच्या आत ते निकाल देतात, "सत्तर टक्के. चालंल, पण खत लय लागंल." हल्ली सोयरिकीच्या बैठकीला त्यांना कुणी बोलवत नाही.

मलाही त्यांनी एकदा मोजलं. "साठ. बी वाढवून पेरावं लागंल." मी पदवीधर माणूस, सोसायटीत लिपिक! बायकोने तो आकडा पक्का लक्षात ठेवलाय. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की म्हणते, "साठ टक्क्यांनी गप जेवावं."

अशा साठ टक्क्यांच्या घरात गौरी निपजली. चौथीत आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, परभणीला हुशार मुलांचा खास वर्ग आहे, राहायचंही तिथेच. गौरीला तो मानवेल का, तुम्ही घरी ठरवा. मी काय ठरवणार? संध्याकाळपर्यंत निम्म्या बाजाराला पेढे वाटून मोकळा झालो. बायको म्हणाली, "ती आजून माझा पदर धरून झोपती." मी म्हटलं, बुद्धीला पदर लागत नाही. असली वाक्यं मला फार पटकन सुचतात.

घरात एकमत होईना, म्हणून गौरीला घेऊन काकांकडे गेलो. त्यांच्या तोंडून शंभराचा आकडा आला की बायको गप्प बसेल, हा माझा डाव. काका अंगणात बारदान उलगडत होते.

"काका, हिची सांगा."

"लेकराची म्या सांगत न्हाई."

गौरी वाकून दाणे बघत होती. तिने विचारलं, "आबा, न उगवलेल्याचं काय करता?"

काकांनी बारदान खाली ठेवलं. मग तिला मोरीमागे घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. भिंतीच्या कडेला सोयाबीनची वेडीवाकडी रोपं उभी होती.

"हे मागच्या बारदानातले नापास. एखांद्याला येळ लागतो, माय."

"मग हिला पाठवू ना परभणीला?" मी घाई केली.

"हुशार तर हायच. तिनं जे इचारलं ते आजवर कुनी इचारलं न्हाई. पण तिला जायचंय का, हे तू इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तिथेच विचारलं. गौरीने माझा शर्ट धरला. "म्होरच्या वर्षी जाते ना, बाबा."

"ऱ्हाऊ दे मग. ओल पुरल्याबिगर पेरू न्हाई," काका म्हणाले. "सोयाबीनची दुबार पेरणी होती. लेकराची होत न्हाई. आमचा पोरगा इठ्ठल चौथीला नापास झाला, तवा म्या त्याला चारचौघात शून्य टक्के म्हणलो होतो."

विठ्ठलचं पुण्यात वर्कशॉप आहे, एवढं गल्लीला ठाऊक होतं. तो गावी का फिरकत नाही, ते मला तेव्हा कळलं. काकांसाठी फार वाईट वाटलं आणि त्या पेढ्यांची लाजही वाटली.

आम्ही निघालो तशी काकांनी हाक मारली. "तुझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावून देतोस का? माझा नंबर बगून उचलत न्हाई त्यो."

मी लावून दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" असा आवाज आला. काकांनी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला. गौरीने त्यांचं धोतर हळूच ओढलं.

"इठ्ठला," ते म्हणाले, "म्या मोजायला चुकलो रे."