नगद नारायणाचा स्कोअर

सूर्यकांतराव बँकेत निशा मॅडमसमोर छाती काढून बसले होते. भिलाईच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली, पण कुणाचं रुपयाचं देणं नाही, म्हणून अख्खं सेक्टर 2 त्यांना ‘नगद नारायण’ म्हणे. लेकीला, नीरजाला, भिलाई-3 च्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं आणि जायला गाडी नाही. ठेव मोडायला जीव होत नव्हता, म्हणून स्वारी आयुष्यातलं पहिलं कर्ज मागायला आली होती.

“काका, तुमचा कर्जफेडीचा स्कोअर मायनस एक हाये,” निशा मॅडम म्हणाल्या.

“मायनस? मी कोनाचं काय खाल्लं?”

“काहीच नाही, तेच तं लफडं हाये. तुमी कधी कर्जच घेतलं नाही, तं फेडता का नाही हे बँकेले कसं समजन?”

सूर्यकांतराव पेटले. कर्जाचा इतिहासच पाहिजे ना? शनिवारपर्यंत घडवतो! ते तडक दयारामच्या किराणा दुकानात गेले. “अर्धा किलो साखर उधार दे. अन् चिठ्ठी लिहून दे.”

दयारामच्या हातातलं माप खाली पडलं. नगद नारायण उधार मागतोय! संध्याकाळपर्यंत सेक्टरभर बोभाटा झाला, की सूर्यकांतराव बुडाले. शेजारच्या रंभाबाई वरण घेऊन आल्या. कारखान्यातले जुने सोबती प्रफुल्ल पाचशेची नोट देताना रडलेच. “शेअरमंदी बुडाले का बे सारे पैसे?”

सूर्यकांतरावांनी सगळं आनंदानं घेतलं, दुसऱ्या सकाळी परत केलं आणि प्रत्येकाकडून पावती लिहून घेतली.

शनिवारी बायको-लेकीसह जाऊन त्यांनी टेबलावर अकरा पावत्या मांडल्या. मॅडमनी पहिली वाचली, ‘वरण दीड वाटी, परत मिळाले.’ त्यांना हसू आवरेना.

“काका, हे नाही चालत. बँकेचं नाहीतर फायनान्सवाल्याचं कर्ज पाहिजे, अन् तारखेवर भरलेले हप्ते.”

नीरजाचा चेहरा उतरला. “मंग सोमवारी जाऊ कशी मी, बाबा?”

सूर्यकांतरावांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, पर्समधून पॅनकार्ड काढलं. “माहं पाहता का, मॅडम?”

मॅडमनी नंबर टाकला आणि डोळे मोठे केले. “काकू, सातशे नव्वद! फ्रिज, कूलर, शिलाई मशीन... एक हप्ता लेट नाही!”

“फ्रिज?” सूर्यकांतरावांचा आवाज चिरकला. “तू तं म्हने नगद घेतला!”

“मंग काय करू? तुमी पैसे जमवून कूलर आनला असता दिवाळीले. माह्या शिलाईत झेपन तेवढाच हप्ता घेतला मी. एक फिटल्याबिगर दुसरा नाही.”

सूर्यकांतरावांना राग आला, लाज वाटली आणि बायकोचा अभिमानही वाटला, तिन्ही एकदमच. मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. “काकू, सोबत काकांचं नाव टाकू का?”

कमलाबाईंनी नवऱ्याकडे मायेनं पाहिलं.

“नोका टाकू, मॅडम. मानूस लय चांगला हाये, पन मायनसमंदी हाये.”