सोमवार, गुरुवार आणि 'त्यांनी'

ऑफिसला निघालो आणि अर्ध्या जिन्यात आठवलं, चष्मा राहिला. म्हणून मागे वळलो. एवढाच काय तो माझा शहाणपणा. पुढचा सगळा मूर्खपणा त्यातूनच निघाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"अगं, त्यांनी किती शांतपणे ऐकून घेतलं! असं कुणी विचारलंच नव्हतं मला. हो, आता आठवड्यातून दोनदाच. सोमवार आणि गुरुवार. छे गं, ह्यांना नाही सांगितलं. ह्यांना काय कळतंय!"

'ह्यांना' म्हणजे मी. मग 'त्यांनी' म्हणजे कोण?

मी चष्म्याविनाच ऑफिस गाठलं. टपाल खात्यात पत्ता चुकलेल्या पत्रांचे मालक हुडकणं हे माझं तीस वर्षांचं काम. (आणि घरातलं टपाल भलतीकडे चाललंय, याचा मला पत्ता नाही!) आता एकेक आठवू लागलं. दोन वर्षं ती पलंगाच्या त्या कडेला, मी ह्या कडेला, मध्ये एक जाडजूड उशी. मी समजत होतो, वय झालं. आणि हल्ली बाई चक्क गुणगुणत होती!

सोमवारी ती शाळेत गणित शिकवायला गेल्यावर मी तिचं कपाट उपसलं. कपड्यांमागे एक ट्यूब सापडली. मुंगीएवढ्या अक्षरांतलं 'क्रीम' तेवढं वाचता आलं. असं काय! त्याच्यासाठी नटणं चाललंय तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. ती गोरीगोमटी होणार आणि मी काय सुरकुत्या मोजत बसू? रोज सकाळी दाढी झाली की मी ती क्रीम गुपचूप गालांना चोपडू लागलो. उरलेली टकलाला.

गुरुवारी बायको ट्यूब नाचवतच बाहेर आली.

"ही अर्धी कशी झाली?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार! शांतपणे ऐकून घेणाऱ्यांना!"

"डॉक्टरीणबाईंना?"

माझा हात आपसूक टकलावर गेला. तिचं लक्ष माझ्या चकाकत्या टकलाकडे गेलं.

"अहो, तुम्ही ही डोक्याला लावलीत?"

"आधी तोंडाला. तू लावतेस म्हणून."

"मी तोंडाला नाही लावत!" ती मटकन खाली बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. "पाळी गेल्यापासून आत कोरडं पडलंय. लघवीला आग व्हायची, सारखं इन्फेक्शन. मुलांना गणित घालून पळत सुटायचे मी. तुम्ही जवळ आलात की दुखायचं. ही इस्ट्रोजेनची क्रीम आहे, सोमवारी आणि गुरुवारी योनीमार्गात लावायची. तिथल्या तिथे काम करते, रक्तात फारशी उतरत नाही. आता कुठे बरं वाटतंय."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, पाणी जास्त पी."

(म्हणालो होतो.)

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला," मी म्हणालो.

"आणि मला वाटलं, तुम्हाला किळस येईल."

मग मी जाऊन ती मधली उशी उचलली आणि माळ्यावर टाकून दिली.

पुढच्या तपासणीला मी हट्टाने सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझी कैफियतही शांतपणे ऐकून घेतली.

"चार दिवसांनी काही बिघडत नाही. पण आता बंद करा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नव्या ट्यूबचं खोकं हातात घेतलं. त्यावर छापलं होतं, 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. बाईंनी पेन काढलं, 'लहान मुलांपासून' खोडलं आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नवऱ्यापासून'.