कमी स्टार्चची घोडी

ज्याच्या दारात घोडी असते त्याच्या घराण्याला इतिहास असतो. नसल्यास घोडी आल्यावर तो तयार होतो. पनवेलजवळच्या एका गावातल्या भगवानशेटनी जमीन विकल्यावर याच हेतूने चांदणी ही पांढरी घोडी घेतली आणि पंचक्रोशीतल्या वरातींना मोफत देऊ लागले. (मोफत वस्तूचे उपकार जास्त टिकतात.)

वरातीत चांदणीला जिलबी भरवणं शुभ, असा प्रघात आपोआप पडला. परिणामी तिचा घेर वाढला, खुरं दुखू लागली आणि नवीन पनवेलमध्ये एका वरातीत ती नवरदेवासकट रस्त्यात बसली. नवरदेव चालत मांडवात गेला. भगवानशेटना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चांदणीला गेलं.

जनावरांच्या डॉक्टर अंकिता म्हणाल्या, "हिचा स्टार्च कमी करा. नाहीतर कायमची लंगडी होईल."

भगवानशेटनी तडक आपले पांढरे कपडे बिनस्टार्चचे धुवायला सांगितले. घोडी त्यांचा सदरा चाटते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आठवडाभर ते मऊ कपड्यांत हिंडले. ग्रामसभेत कुणी उठून खुर्ची दिली नाही. एक जण तर "काका, जरा सरका" म्हणाला. या त्यागाची चांदणीने दखल घेतली नाही.

मग डॉक्टरांनी फोड करून सांगितलं. "खुराकातला स्टार्च हो, आणि साखरही. जिलबी, गूळ, चणे, मका बंद. वाळलेलं गवत द्या, भिजवून."

भगवानशेट दुखावले. "मॅडम, घोडी हाय ती. गवत बैल खातो."

खुराक-निवड समिती नेमण्यात आली: स्वतः शेट, मुलगा प्रणित (मोबाइलसह) आणि आई कमळाबाई (हरकतीपुरत्या). ओट्स, नाचणी, मधुमेहींची बिस्किटं यांचा साधकबाधक विचार झाला. बिस्किटं समितीनेच संपवली. अखेर खारघरच्या एका दुकानातून एक पोतं आलं. त्यावर उधळलेला परदेशी घोडा होता आणि खाली ठळक अक्षरांत 'लो स्टार्च'.

कमळाबाईंनी मूठभर काढून हुंगलं. "भगवान, ह्यो तं गवतच हाय."

"आये, आपल्या बांधावरच्या गवतावर घोड्याचा फोटो नाय."

मुद्दा ग्राह्य धरण्यात आला. चांदणी सडपातळ झाली, वराती पुन्हा सुरू झाल्या. तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाहून कामोठ्यापासून माणसं येऊ लागली. सगळी हळू आवाजात एकच विचारायची: "माणसांना चालतं का?" शेट खोटं बोलले नाहीत. "आमच्या घोडीला गुण आला," एवढंच म्हणाले. दुकानातली पोती संपली, तेव्हा चांदणीला बांधावरचं गवत घालावं लागलं. तिला फरक कळला नाही.

वाचकहो, त्या खुराकाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. तुमच्या दारात घोडी नाही, तरीही ते नजरेतून सुटलं की काय म्हणून तुम्ही आत्ता पुन्हा वर पाहिलंत.