निलंग्याच्या मावशीची चटणी

गुरुवारी सकाळी चहाचा कप ओठाला लावता लावता अंबरीशनं मोबाईलवरची एक ओळ वाचली आणि चहा तिथंच राहिला. त्याच्या नव्या रीलखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘दादा, तुमची चटणी बघायला भारी. खायला मात्र निलंग्याच्या मावशीचीच.’ त्या ओळीखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. खुद्द रीलला तेवढी दाद मिळाली नव्हती.

"ही कोण मावशी?" त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं.

"कोणाची मावशी?" आतून मनस्विनीनं, त्याच्या बायकोनं, उलट विचारलं.

"निलंग्याची. चटणी विकायलीय ती. आणि तिचे गुण गायला लोकांना माझंच पान सापडलं. म्हणजे मांडव मी घालायचा आणि नवरदेव भलताच मिरवायचा."

"निलंग्यात मावश्या लई आहेत," मनस्विनी म्हणाली. तिचं माहेर निलंग्याचं होतं, त्यामुळं तिच्या बोलण्याला वजन होतं. अंबरीशनं मात्र ते घेतलं नाही.

त्याचा संताप अगदीच बिनबुडाचा नव्हता. पुण्याची नोकरी सोडून तो लातूरला परत आला होता आणि ‘अंबरीशची कडक कारळ चटणी’ त्यानं सुरू केली होती. कारळं तो स्वतः भाजायचा, लसूण स्वतः निवडायचा, आणि चटणी खरोखर फक्कड व्हायची. पण पुणं सोडण्याआधी एका शिबिरात त्यानं एक मंत्र घेतला होता: आधी माणसं जोडा, माल आपोआप जातो. तेव्हापासून तो माणसंच जोडत होता. बोट उगारून कारळाचे फायदे सांगायचा, कढईच्या वाफेतून चेहरा बाहेर काढायचा, कोल्हापूरपासून कॅनडापर्यंत लोक त्याला बघायचे आणि ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं लिहून झोपी जायचे. बरणी मागवायची कुणाला आठवण व्हायची नाही.

"अरे, गल्लीच्या तोंडाशी मेस आहे. दोन बरण्या ठेव तिथं," असं त्याचे वडील वसंतराव किती वेळा म्हणाले असतील.

"बाबा, मी फेरीवाला न्हाई. मी ब्रँड उभा करायलोय."

"उभा कर. पण तो चालायला कधी लागणार?"

वसंतराव गणिताचे निवृत्त शिक्षक. भूकंप झाल्यावर घरावर मजला चढवायला ते अनेक वर्षं धजले नव्हते. मग शहरात क्लास आले, क्लासमागं पोरं आली, पोरांना खोल्या कमी पडायला लागल्या, आणि वसंतरावांची जमिनीविषयीची भीती हळूहळू निघून गेली. आता वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली राहत होत्या. वसंतरावांच्या एका मित्राच्या क्लासला केमिस्ट्रीचे सर हवे होते. सोमवारी दुपारी अंबरीशचा नमुना तास ठरला होता. रविवारपर्यंत चटणी आपल्या पायावर उभी राहिली नाही, तर मुकाट्यानं तासाला उभं राहायचं, असा शब्द अंबरीशनं दिला होता. केमिस्ट्री तो शिकलेलाच होता, तिचा तिटकाराही नव्हता. पण पुण्याहून येऊन शेवटी फळ्यापुढंच उभं राहायचं, तर एवढी मोठी कढई कशाला घेतली, असं गल्लीत कुणी विचारलं असतं तर त्याला तोंड लपवावं लागलं असतं.

दुपारी त्यानं ती ओळ लिहिणाऱ्याचा छडा लावला. तो लागायला फार लांब जावं लागलं नाही. जिन्याच्या सोळा पायऱ्या चढाव्या लागल्या, एवढंच. लिहिणारी होती दीपमाला, वरच्या खोलीतली, निलंग्याकडची मुलगी. ती जेवायला बसली होती. समोर भिंतीला मोबाईल टेकवला होता आणि त्यात अंबरीश बोट उगारून बोलत होता.

"दीपमाला, तू माझ्याच घरात राहून माझ्याच चटणीला नावं ठेवतेस?"

"नावं कुठं ठेवली, दादा?" ती घास तसाच धरून म्हणाली. "बघायला भारी म्हणले की. आम्ही सगळ्या जणी जेवताना तुमचंच बघतोत रोज. भूक लागती लई."

"आणि भूक लागल्यावर काय खाता?"

"मावशीची चटणी."

ताटाशेजारी बरणी होती. अंबरीशनं ती उचलली आणि उलटसुलट फिरवून पाहिली. तसलंच लाल झाकण, तसलाच आकार, आत तसलीच काळीभोर चटणी. फक्त बरणी उघडी बोडकी, त्याच्या फोटोचं लेबल तेवढं नाही.

"बरणीसुद्धा आमचीच चोरली या बाईनं. कुठं मिळती ही?"

"मिळत न्हाई. गाडीवर येती," दीपमाला म्हणाली. मग तिनं त्याला समजावून सांगितलं. निलंग्याहून सकाळच्या एसटीनं पोरांचे डबे येतात. आया पहाटे भाकरी थापून स्टँडवर आणतात, ड्रायव्हरच्या मागं डबे रचतात, इकडं पोरं उतरवून घेतात. स्टँडसमोर एक मावशी राहतात. डब्याला बांधायला चटणी त्यांच्याकडून घ्यायची, असा आता तिकडं रिवाजच पडलाय. "एका खोलीत एक बरणी आली की चौघी तुटून पडतात. दुसऱ्या दिवशी चौघींच्या आया मावशीच्या दारात."

"जाहिरात कोण करतं तिची?"

"जाहिरात कशाला? डबा तर रोजच येतो की."

अंबरीश बरणी हातात घेऊनच खाली आला. वसंतरावांनी त्यातली चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आपलीच वाटायलीय."

"बाबा, तुमच्या जिभेचं आता काही खरं न्हाई," अंबरीश तडकला. "यात तीळ लोटलाय. लसूण शिळा आहे. कारळ करपलंय. लोकांना काही कळत न्हाई म्हणून काहीही खपवायचं का? रविवारी सगळ्यांसमोर लाईव्ह चव घेतो. खरं काय आणि नक्कल काय, होऊन जाऊ दे."

मनस्विनीनं बरणी हातात घेऊन उजेडाकडं फिरवली. एका बाजूला बोटाला किंचित चिकट लागत होतं. "अहो, जरा ऐकता का? तुमच्या त्या खोक्यांचं..."

"लाईव्ह झाल्यावर बोलू."

हे उत्तर मनस्विनीच्या ओळखीचं होतं. पुढच्या खोलीत बरण्यांची खोकी साचून अंबरीशच्या चित्रीकरणात आडवी यायला लागली, तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, "ही अडगळ तुझ्या आईकडं धाड, मला मागं मोकळी भिंत पाहिजे." तिनं धाडली. पुढं आईनं आणखी मागितली. "आईकडं खपायलीय बरं का," असं ती दोनदा बोललीही होती. तेव्हा तो दिव्याचा कोन बघत म्हणाला होता, "घरच्यांनी खाणं म्हणजे विक्री न्हाई." दर आठवड्याला त्याच्या मागची भिंत मोकळी होत होती आणि भरल्या बरण्या गेल्या कुठं, हे त्या भल्या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं. आता मनस्विनीलाही राग आला. होऊ दे लाईव्ह, असं ती मनात म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

रविवारी ऐन जेवणाच्या वेळी लाईव्ह सुरू झालं. टेबलावर दोन वाट्या, डावीकडं मावशीची चटणी, उजवीकडं अंबरीशची. साक्षीला दीपमाला आणि वसंतराव. मनस्विनी बाजूला नव्या घाण्याची चटणी कालवत होती, हात कोपरापर्यंत काळे. बघणारे भराभर वाढत होते. अंबरीशला एवढी माणसं कधी जोडता आली नव्हती. भांडण आहे म्हटल्यावर ती आपोआप जोडली गेली.

डाव्या वाटीतली चटणी त्यानं जिभेवर ठेवली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मित्रांनो, ही बघा फसवणूक. ज्यानं कुणी ही बनवली त्याला कारळ भाजता येत न्हाई. असल्या माणसानं कढईला हात लावू नये. याला चटणी म्हणणं म्हणजे चटणीची बेइज्जती आहे."

तेवढ्यात मनस्विनीचा फोन वाजला. "दीपमाला, उचल गं, माझे हात भरलेत," ती म्हणाली. दीपमालानं उचलला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला.

"मने," पलीकडून खणखणीत आवाज आला, "चटणी संपली बघ. उद्याच्या गाडीला डबे मोकळेच जातेत का काय. बाया दारात भांडायल्यात. जावईबापूंना म्हणाव, जरा हात चालवा."

"अगं बया," दीपमाला म्हणाली, "ह्याच तर मावशी."

फोन बोलतच होता. "आणि बरण्यांवरचे ते फोटो मी भिजवून काढते, ते जावईबापूंना सांगू नको बरं का. रागावतील."

मोबाईलच्या पडद्यावर ओळी धो धो वाहायला लागल्या. कुणी अंबरीशला कढईला हात लावू नका म्हणून त्याचाच सल्ला परत देत होतं. बाकीचे सगळे एकच मागत होते: मावशीचा नंबर. वसंतरावांनी डावीकडची वाटी आपल्याकडं ओढली आणि शांतपणे भाकरीला लावून खायला लागले.

सोमवारी पहिल्या गाडीनं अंबरीश निलंग्याला गेला. नवी खोकी बरोबर होती, प्रत्येक बरणीवर बोट उगारलेला तो स्वतः होता. तास दुपारी होता. त्याआधी त्याला एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. सासूबाई, म्हणजे इंदूबाई, दारातच उभ्या होत्या. जावई असा अवेळी आलेला पाहून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

"विकलीत त्याचं काही न्हाई," अंबरीश पाणीसुद्धा न घेता म्हणाला. "पण माझं नाव का काढलं? राबायचं मी आणि नाव मावशीचं?"

इंदूबाई त्याला अंगणात घेऊन गेल्या. तिथं उन्हात तीन सुपं ठेवली होती आणि सुपांत लेबलं वाळत होती. शेकडो अंबरीश आभाळाकडं बोट करून उताणे पडले होते.

"बरणी रिकामी झाली की पोरं फेकून देतेत," त्या म्हणाल्या. "हॉस्टेलचा उकिरडा तो. जावयाचं तोंड उकिरड्यात जाऊ द्यावं का मी? लोक काय म्हणतील? म्हणून भिजवून काढते. टाकवतबी न्हाईत मला. पेटीत ठेवायलेय."

अंबरीशनं सुपातलं एक लेबल उचलून पाहिलं. त्याच्या हजारो बघणाऱ्यांपैकी कुणी त्याचा चेहरा असा जपून ठेवला नव्हता. तरी राग हटेना. "आजपासून लेबलासकट द्या," तो म्हणाला. "माझी शपथ आहे."

जावयाचा शब्द मोडणार कोण? इंदूबाईंनी लेबलवाल्या बरण्या ओट्यावर मांडल्या. बाया डबे घेऊन आल्या. पहिलीनं बरणी उचलली, फोटो पाहिला, ठेवून दिली.

"मावशी, हे मोबाईलवाल्याचं नको. हा कालच म्हणत होता, मला कारळ भाजता येत न्हाई. तुमच्या हातचं द्या."

"अगं, तेच आहे हे," इंदूबाई म्हणाल्या.

"तेच कसं असंल? त्याच्यावर तर ह्याचा फोटो हाय."

दुसरी तशीच गेली. तिसरीनं तर बरणी हातातही घेतली नाही. समोर स्टँडवर लातूरच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरच्या मागं डबे रचले जात होते, आणि एकाही डब्याला बरणी बांधलेली नव्हती. अंबरीशनं गाडीकडं पाहिलं, बरण्यांवरच्या स्वतःकडं पाहिलं आणि बाह्या वर केल्या.

"आई, बादलीभर पाणी द्या. कोमट असलं तर बरं."

ड्रायव्हर हॉर्न देत होता, बाया दारात थांबल्या होत्या आणि अंबरीश अंगणात उकिडवा बसून एकेका बरणीवरून स्वतःला सोलून काढत होता. निघालेलं लेबल तो नीट पसरून सुपात ठेवत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. इंदूबाईंनी तो काढून त्याच्या कानाला लावला. वसंतराव होते.

"अंबरीश, दुपारच्या तासाला येतोस ना?"

"न्हाई जमणार, बाबा," अंबरीश म्हणाला. "हात ओले आहेत."