तिला घाई चालत नाही

आमच्या इमारतीतल्या निवृत्तीआप्पांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजवा हात मात्र अस्वलासारखा. नवीन माणसाला वाटतं, भाजलं असेल. तो हळहळतो. आप्पा त्याची हळहळ पूर्ण होऊ देतात आणि मग सांगतात, "काय नाय, कुऱ्हाड लावून पाहतो."

कुऱ्हाड त्यांच्या वडिलांची. कळवणकडच्या घरी माळ्यावर गंजत पडलेली. वडील होते तोवर त्यांनी आप्पांना तिला हात लावू दिला नाही. "पाय तोडून घेशील, शाळेत जा." आप्पा शाळेत गेले, पुढे सरकारी कचेरीत चिकटले आणि जन्मभर शिक्के मारून रिटायर झाले. पाय शाबूत.

मी सोसायटीची सेक्रेटरी. सकाळी यादी करते, रात्रीपर्यंत एकेका कामावर रेघ मारते. फेब्रुवारीतल्या वाऱ्यात आवारातली सुबाभूळ पडली, तीही नेमकी माझ्या स्कूटरच्या जागेवर. फांद्या माळी घेऊन गेला, खोड राहिलं. मीटिंगमध्ये मी लाकूड कापणाऱ्या मशीनवाल्याचं नाव काढताच आप्पा उभे राहिले. मुलगा पुण्याला गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावर एकटे असतात, आणि तोवर आमचं बोलणं लिफ्टपुरतं होतं. "तिसरा ना?" "हो." एवढंच. त्यामुळे ते बोलताहेत याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

"मशीन कशाला? मी तोडतो. वडलांची कुऱ्हाड हाय. फक्त तिला जरा माणसात आणावी लागंल."

"किती दिवस लागतील?" मी पेन काढलं.

"तिला घाई केलेली चालत नाय."

गावाहून आलेली कुऱ्हाड आधी व्हिनेगरमध्ये बुडाली, तेही जिना पुसायच्या बादलीत. मग गंज घासणं, मग कानस. गॅलरीतल्या करकरीबद्दल शेजारच्या पगारवहिनींची तक्रार आली आणि मी ती तिथल्या तिथे निकाली काढली: आप्पांनी खाली आवारात बसून घासावं. आवारात बसण्याजोगी जागा एकच होती. तेव्हापासून जे खोड तोडायचं, त्याच्यावरच ऐसपैस बसून आप्पा ते तोडायची तयारी करू लागले.

जुना दांडा वाळवीने खाल्लेला. बाभळीचा नवा आला, तो हातात बसेना, म्हणून दुसरा आला. रविवार कारंज्यावरच्या दुकानातून धार लावायचा निसणा आला. तो दगड ओला करून आप्पा पात्यावर गोल गोल फिरवत, मग पातं हातावरून हलकेच ओढून पाहत आणि मान हलवत. अजून नाही.

आणि माणसं थांबू लागली. सगळ्यांत आधी विळी घेऊन आल्या त्या तक्रार करणाऱ्या पगारवहिनीच.

"आप्पा, हिला तेवढी धार लावा. तुमची कुऱ्हाड काय या जन्मी होत नाही."

"बसा वहिनी. विळी साधी असती. कुऱ्हाडीचा स्वभाव येगळा."

"तुमच्यासारखाच. नुसतं बसून राहायचं."

असं म्हणत त्याही बसल्या. मग दूधवाला थांबला, मग वरचं जोडपं चहा घेऊन खाली येऊ लागलं. संध्याकाळी खोडावर जागा मिळेना. इमारतीतल्या सगळ्या सुऱ्या-कात्र्या लखलखू लागल्या. माझी स्कूटर मात्र गेटबाहेर उन्हात.

शेवटी मे महिन्यात मी नोटीस लावली. रविवारी मशीनवाला येईल.

त्या सकाळी आप्पा खोडावर एकटेच होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कुऱ्हाड, शेजारी चहाचा थर्मास आणि रोजचे सगळे पेले.

"येतोय का तो?"

"येतोय. तुमची झाली असेल तर त्याला नको म्हणते. तुम्हीच तोडा."

"थोडी बाकी हाय."

"दाखवा."

त्यांनी नाइलाजाने फडकं सोडलं. मी यादीचा कागद धारेवर नुसता टेकवला. अर्धा खाली पडला.

आप्पा कुऱ्हाडीकडे पाहतच नव्हते. ते खोडाची साल तळव्याने चाचपत होते. माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. बोथट कुऱ्हाडीने केस निघत नाहीत. आणि तो हात तर होळीपासून असाच गुळगुळीत होता.

"तुमची गाडी लागंल मग इथं," आप्पा म्हणाले.

"हो."

"बरंय. भिंतीची सावली हाय."

मी कागदाचे दोन्ही तुकडे पर्समध्ये टाकले.

"आप्पा, धार अजून आली नाही."

त्यांनी वर पाहिलं. मग घाईघाईने फडकं गुंडाळलं. "मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

मशीनवाल्याला मी फोनवर नको म्हणून कळवलं. स्कूटर अजून गेटबाहेरच असते आणि तिची सीट दुपारी तव्यासारखी तापते. खोड कधी निघणार, असं मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर मी सांगते, तिला घाई केलेली चालत नाही.