एकोणतीस बंदुका नसलेला माणूस

कळंबच्या आबाजी कोकरे यांच्याकडे एकोणतीस बंदुका नाहीत, ही गंभीर बाब शासनाच्या लक्षात आली ती एकोणीसशे शहाण्णवच्या लोकसभा निवडणुकीत. त्याआधीची पंचवीस वर्षंही त्या नव्हत्याच, पण तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

नव्हत्या त्या बंदुका. होत्या त्या कळा. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजानं ठासून भरत. तिला एक लांब नळी, एक लाकडी दस्ता आणि बाजूला लोखंडी पट्टीवर बसवलेली कळ. चाप ओढला की कळेतली कमान सुटायची, घोडा आपटायचा, ठिणगी पडायची. पुढं काळ बदलला. नळ्या कुणाकुणाच्या चुलीच्या फुंकण्या झाल्या, दस्ते त्याच चुलीत गेले आणि कळा भंगारात आल्या. तिथून त्या आबाजींच्या पत्र्याच्या पेटीत आल्या.

आबाजी साखर कारखान्यात फिटर होते. लोखंडाशी बोलायची सवय तिथलीच. इंदापूरला हायवेच्या कडेला अय्युब भंगारवाल्याचं दुकान होतं. एखादी कळ हाती लागली की अय्युब एस.टी.च्या कंडक्टरकडं निरोप द्यायचा, "आबाला म्हणावं, पाव्हणं आलंय." आबाजी जेवत असले तर ताटावरून उठायचे.

पाव्हण्याची तपासणी कडक असे. कळ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि घोडा सावकाश मागं ओढायचा. पहिला टक म्हणजे घोडा अर्धा चढला, दुसरा टक म्हणजे पुरता चढला. मग स्क्रू काढून पाहायचे. जुन्या कारागिरानं प्रत्येक आटा हातानं पाडलेला, त्यामुळं एका कळेचा स्क्रू दुसरीला बसत नाही. सगळे स्क्रू सगळीकडं बसले, तर माल नवा आणि चिंचेच्या पाण्यात गंजवलेला. अय्युबला हे ऐकवलं की तो कानाला हात लावायचा. "खुदा कसम आबा, मी फक्त इकतो, गंजवत न्हाय."

एकोणतीसांत आबाजींचा जीव एकीवर होता. चकमकीची जुनी कळ, पट्टीवर कारागिरानं कोरलेलं करंगळीच्या नखाएवढं फूल. तिचं नाव फुलवाली. तिचा दुसरा टक पहिल्यापेक्षा हळू वाजायचा, लाजल्यासारखा.

"लोकांची म्हातारी नातवंडं खेळवत्यात," गोजरबाई, म्हणजे आबाजींच्या मालकीणबाई, शेजारणीला सांगायच्या. "आमचं म्हातारं लोखंडाच्या कानाला लागतंय."

तर निवडणूक आली आणि पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली : सर्व शस्त्रधारकांनी आपली शस्त्रे जमा करावीत. आबाजींनी ती दोनदा वाचली. चाळीस वर्षं तीन प्रतींत अर्ज करून सुट्टी घेतलेला माणूस तो. त्यांना वाटलं, एकदा विचारलेलं बरं.

"तुमच्याकडं बंदूक हाय का?" गोजरबाई म्हणाल्या.

"न्हाय."

"मग न्हाय ते इचाराया कशाला जाताय?"

बाईला कायद्याचं ज्ञान शून्य. पण हा प्रश्न तिनं विचारला होता, एवढं आबाजींना पुढं आयुष्यभर आठवत राहिलं.

ज्या कचेरीत ते गेले तिचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या झुंबररावांची पेन्शन अजून चालू आहे. झुंबरराव 'जुनीपुराणी हत्यारे' या शाखेचे कारकून होते. शाखा उघडल्यापासून तिथं आलेला पहिला माणूस म्हणजे आबाजी. झुंबररावांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवतो.

"ह्या बंदुका न्हाईत," आबाजींनी पेटी उघडून सांगितलं.

"तसा दाखला हाय?"

"बंदूक नसल्याचा?"

"व्हय. नसल्याचा दाखला नसंल, तर हाय असं धरावं लागतं."

"मग द्या की दाखला."

"देतो की! त्याच्यासाठीच बसलोय हितं," झुंबरराव खुशीत म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडली. ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिली फाईल.

दाखल्यासाठी तपासणी आवश्यक होती. पण कळ उडत नाही, हे ती बंदुकीला लावल्याखेरीज सिद्ध कसं करणार? पंधरा दिवसांनी आबाजींना पत्र आलं : 'आपण सादर केलेला नमुना अपूर्ण असल्याने, उर्वरित बंदुकीसह समक्ष हजर राहावे. नमुना शासन निवडेल.' शासनानं, म्हणजे झुंबररावांनी, डोळे मिटून पेटीतून एक कळ उचलली. ती फुलवाली नव्हती म्हणून आबाजींनी देवाला हात जोडले. ते किती चुकले ते पुढं कळेल.

उर्वरित बंदूक अय्युबनं दिली. हातपंपाचा गंजका पाईप होता. "आबा, ही नळी दिल्लीवर चालून गेली न्हाय, एवढं मी लेखी देतो," तो म्हणाला. सुतारानं बाभळीचा दस्ता केला. कळ बसली. आबाजी ते प्रकरण चादरीत गुंडाळून एस.टी.नं घेऊन गेले. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

तीन जणांच्या समितीसमोर चाप ओढला गेला. टक झालं, बारीक ठिणगी पडली आणि पाईपातून एक झुरळ बाहेर आलं. समिती टेबलाखालून निघून पुन्हा खुर्चीवर बसली. झुंबररावांनी अहवाल लिहिला : 'बंदूक आढळली. नादुरुस्त.'

"अवो, पर ती तुमीच करायला लावली!"

"म्हणून तर शंकेला जागा न्हाय, आबा. आमच्या डोळ्यांदेखत झाली. आता बंदूक हाय म्हटल्यावर परवाना घ्यावाच लागंल. मी आजच काढून देतो. खेपा नको तुमाला."

असा आबाजींना परवाना मिळाला. फोटोवर शिक्का, शिक्क्यावर सही. गोजरबाईंनी तो फ्रेम करून देवांच्या शेजारी लावला आणि गावात चमत्कार सुरू झाला. पंचवीस वर्षं ज्यांना गाव 'भंगारआबा' म्हणत होतं, त्यांना सरपंच तात्याबा 'आबासाहेब' म्हणू लागले. बावड्याच्या एका लग्नात लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला, "परवानाधारक आबासाहेब कोकरे यांनी फेटा स्वीकारण्यासाठी मंडपाजवळ यावं!" बंदूक कसली, उडते का, हे कुणी विचारलं नाही. परवाना आहे म्हटल्यावर विचारायचं काय?

पंधरा दिवसांत झुंबरराव स्वतः घरी आले. चेहरा पडलेला.

"आबा, एका परवान्यावर एक बंदूक. बाकीच्या अठ्ठावीसांचं काय?"

"त्या बंदुका न्हाईत!"

"पहिलीबी न्हवती. आता हाय का न्हाय?"

कायदा दोनच वाटा देत होता. एक तर अठ्ठावीस कळा भट्टीत वितळवायच्या, नाहीतर अठ्ठावीस माणसांच्या नावावर परवाने करायचे. वितळवायच्या म्हटल्यावर आबाजींनी पेटी ओढून मांडीवर घेतली. "नावावर कुणाच्याबी करा," ते म्हणाले, "पर जित्या ठिवा."

माणसं शोधावी लागली नाहीत. दारात रांग लागली. सरपंच, सोसायटीचे दोन संचालक, दर दोन ऑक्टोबरला अहिंसेवर बोलणारे हेडमास्तर. वाचनालयाचे एक चिटणीस होते, सरकारी कारभारावरच्या विनोदी गोष्टी वाचून पोट धरून हसणारे. ते तर सकाळी सहालाच आले. "मला ती वस्तू काय करायचीय हो," प्रत्येक जण म्हणत होता, "नुसता परवाना पाहिजे." पण वस्तू परवान्याच्या पत्त्यावरच राहिली पाहिजे असा नियम निघाला. पाईपाला बसवलेली एक आबाजींच्या नावावर घरी राहिली, बाकी पेटी एका दुपारी रिकामी झाली. फुलवाली सरपंचांनी नेली. फूल आहे, दिवाणखान्यात शोभेल म्हणाले.

शोभावी म्हणून त्यांनी ती बारामतीला नेली आणि मोटारसायकलचे मडगार्ड चमकवतात तिथं घासून क्रोम करून आणली. फूल गेलं. ते पाहून बाकीच्या सत्तावीस जणांनीही आपापली कळ चकाचक करून आणली. आबाजी सरपंचांच्या घरी गेले, भिंतीवरच्या त्या आरशासारख्या लोखंडाकडं पाहत राहिले आणि घोटभर पाणी पिऊन परत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. गोजरबाईंनीही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला पुन्हा लोकसभा आली. एकोणतीसही परवानाधारकांनी शस्त्रं जमा केली. झुंबररावांनी कळा एका पोत्यात भरल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली आणि त्या चिठ्ठ्या कचेरीतल्या उंदरांनी आठ दिवसांत खाल्ल्या. आता आबाजींची एक सोडून सगळ्या सारख्याच चकचकीत. कुणाची कुठली? तडक आबाजींना पत्र गेलं : 'मानद तज्ज्ञ म्हणून निवडणूक संपेपर्यंत कचेरीत हजर राहावे.'

आबाजींनी पोतं उघडलं. सगळ्या होत्या, एका जागी. डोळ्यांना कुठलीच ओळखू येईना. मग त्यांनी डोळे मिटले आणि एकेक कानाला लावली. टक. टक. सतराव्या कळेचा दुसरा टक हळू वाजला, लाजल्यासारखा.

"काय झालं, आबा?" झुंबररावांनी विचारलं.

"काय न्हाय. वळकली." आबाजी उपरण्यानं डोळे पुसत होते. "क्रोम आत गेलं न्हाय, सायेब."

त्यांना कचेरीत महिनाभर बसता आलं. डबा गोजरबाई पाठवायच्या. मग निकाल लागला आणि कळा ज्याच्या त्याच्या भिंतीवर गेल्या. आबाजींनी झेडपीच्या निवडणुकीची चौकशी करून पाहिली. पण तिथं फक्त उडणाऱ्या बंदुका जमा करतात. न उडणाऱ्या बंदुकीचा धोका फक्त मोठ्या निवडणुकीला असतो.

म्हणून पुढच्या वर्षी दिल्लीतलं सरकार पडलं, तेव्हा सगळा देश चिंतेत होता आणि कळंबला आबाजी पेढे वाटत होते. कुठल्या पक्षाचे, हे गावाला अजून कळलेलं नाही.

नव्याण्णवच्या ऑक्टोबरात मतमोजणी झाली. बाहेर गुलाल उडत होता. आत आबाजींनी फुलवाली शेवटची कानाला लावली आणि तिला सरपंचांच्या नावाचा दोरा बांधला.

"सायेब, आताचं किती दिस टिकंल?"

"पेपरात पाच वर्षं म्हणत्यात, आबा." झुंबरराव बांधलेले दोरे तपासत होते. "लोकांस्नी स्थिर सरकार पायजे हाय."

आबाजी एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, टोपी घातली आणि एस.टी. धरली.

तर मंडळी, तुम्ही इतका वेळ झुंबररावांना हसलात, बरं वाटलं. पण त्यांनी निदान पोतं उघडून दिलं होतं. त्या अठ्ठावीसांतली एक तुमच्याकडं आहे. हो, तीच, फ्रेमखाली टांगलेली, पाहुण्यांना लांबून दाखवता ती. परवान्याची तारीख तुम्हाला तोंडपाठ आहे. तिचा दुसरा टक कसा वाजतो हो?